जुने यंत्र, नवा कर्नल

डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातून, इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकण्यात आला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून नवा लिनक्स त्या प्रोसेसरवर चालेनासा झाला. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हा कर्नल लिहायला घेतला तो ३८६च्याच यंत्रावर. तरीही हा बदल स्वीकारताना त्यांनी आपण भावुक नाही आणि गेला ते बरे झाले, एवढेच लिहिले. ३८६ बाजारात आला १९८५ मध्ये, आणि इंटेलने त्याचे उत्पादन २००७ मध्ये पूर्णपणे थांबवले. मेमरीतला आकडा ताडून एका झटक्यात बदलणारी ‘कम्पेअर अँड एक्स्चेंज’ ही सूचना त्याला येत नाही, कारण ती ४८६पासून आली. कर्नलने केवळ-वाचनीय ठरवलेल्या मेमरीच्या पानावर (तुकड्यावर) कर्नलनेच लिहिले तर त्यालाही तो अडवत नाही. या दोन उणिवा झाकण्यासाठी इतर सगळ्या प्रोसेसरांच्या कोडमध्ये ठिगळे लावावी लागत होती. म्हणून तो गेला.

तो निर्णय मला योग्य वाटतो. आणि तरीही, १९७७ मध्ये बाजारात आलेल्या व्हॅक्स संगणकांच्या घराण्यावर नेटबीएसडी ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम आजही चालावी म्हणून आपल्या सुट्टीच्या संध्याकाळी खर्च करणारी माणसे चुकीचे काही करत आहेत असेही मला वाटत नाही. नेटबीएसडीची १०.० ही आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तीत व्हॅक्सचा पोर्ट, म्हणजे व्हॅक्सवर चालणारे रूप, होता. ही दोन मते एकमेकांना छेद देतात असे वरवर दिसते. कालबाह्य हार्डवेअरवर मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम नेण्याच्या खटाटोपाविषयी जो वाद पुन्हा पुन्हा पेटतो, तो बहुतेक वेळा या दोन टोकांपैकी एक निवडायलाच हवे अशा समजुतीवर चालतो. एक बाजू म्हणते की हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे आणि त्याचा भार सगळ्यांवर पडतो. दुसरी म्हणते की चालू यंत्राचा सपोर्ट काढणे हा मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाशीच द्रोह आहे. माझ्या मते दोन्ही बाजू हक्क आणि उपकार यांत गल्लत करतात.

आधी पोर्ट करणे म्हणजे नेमके काय ते पाहायला हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ते एखादा प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर उचलून ठेवण्यासारखे वाटते. लिहिलेल्या कोडचे त्या प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, म्हणजे कंपायलर, असेल तरच कामाला सुरुवात होऊ शकते. मग यंत्र चालू झाल्यावर कर्नल मेमरीत कोण आणून ठेवणार, मेमरीची पाने कशी मांडायची, इंटरप्ट (हातचे काम थांबवायला लावणारा इशारा) आला की प्रोसेसरच्या आतले कुठले रजिस्टर कुठे जपायचे, घड्याळाचे ठोके कुठून घ्यायचे, हे सारे त्या यंत्राच्या तऱ्हेने लिहावे लागते. सुरुवातीचे कित्येक दिवस पडद्यावर काहीही उमटत नाही. सिरियल केबलवर एक अक्षर जरी आले तरी पोर्ट करणारा माणूस त्या दिवशी समाधानाने झोपतो.

ऑपरेटिंग सिस्टीम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येते, हे १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत फारसे कुणी गृहीत धरत नव्हते. १९७३ मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सी भाषेत नव्याने लिहिली गेली तरी ती पीडीपी-११ या एकाच संगणकाची होती. १९७७च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग येथे ती इंटरडेटा ७/३२ या यंत्रावर गेली, तर बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी इंटरडेटा ८/३२ निवडले. पीडीपी-११पेक्षा ते वेगळे होते म्हणूनच ते निवडले गेले होते. दोन यंत्रांत बाइटांचा क्रम उलटा असला की एकावरून दुसऱ्यावर नेलेला ‘युनिक्स’ हा शब्द जोडीजोडीने उलटून ‘नुक्सी’ असा छापला जातो. त्या काळापासून या गोंधळाला ‘नुक्सीचा घोळ’ असेच नाव पडले आहे. गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. पण आपण ‘सर्वसाधारण’ म्हणून लिहिलेल्या कोडमध्ये एका विशिष्ट यंत्राच्या किती सवयी मुरलेल्या असतात, हे दाखवायला याहून सुटसुटीत उदाहरण नाही. टॉर्वाल्ड्स यांनीही १९९१च्या आपल्या पहिल्या जाहीर टिपणात आपला कर्नल पोर्टेबल नाही असे स्पष्ट लिहिले होते. डेक कंपनीचे अल्फा यंत्र हाती आल्यावर त्यांनी तो पोर्ट केला आणि १९९५च्या १.२ या आवृत्तीपासून लिनक्स एकाहून अधिक घराण्यांच्या प्रोसेसरांवर चालू लागला. आज खिशातल्या फोनपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे तोच कर्नल चालतो, याचे मूळ त्या पहिल्या परक्या यंत्रावर सोसलेल्या त्रासात आहे.

आता या खटाटोपाच्या समर्थनार्थ हमखास पुढे केली जाणारी दोन कारणे घेऊ, कारण मला ती कच्ची वाटतात.

पहिले कारण ई-कचऱ्याचे. संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’नुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. आकडा भयंकर आहे, यात वाद नाही. पण त्या ढिगाऱ्यात व्हॅक्स नाहीत, अमिगासारखे जुने घरगुती संगणक नाहीत आणि ३८६ही फारसे नाहीत. कुणी ती यंत्रे जपली काय आणि मोडीत काढली काय, ढिगाऱ्याच्या उंचीत फरक पडणार नाही. उलट पेंटियम ४च्या काही प्रोसेसरांचा उष्णताभारच ११५ वॅट होता. पाच-सात वॅटवर चालणाऱ्या आजच्या तळहाताएवढ्या बोर्डापुढे असे यंत्र चोवीस तास चालू ठेवणे ही पर्यावरणाची सेवा नव्हे. ई-कचऱ्याचा मुद्दा खरा लागू होतो तो आठ-दहा वर्षांच्या यंत्रांना. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० हे सुरक्षेचे साधन आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर नाही म्हणून असंख्य धडधाकट संगणक विंडोज ११साठी नापास ठरले. अशा यंत्रांवर लिनक्स बसवणे हे उघडच शहाणपणाचे आहे, पण त्यासाठी कुणाला काही पोर्ट करावे लागत नाही. ती यंत्रे कालबाह्य झालेली नसून कालबाह्य ठरवली गेली आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर एकीच्या पुण्याईवर दुसरी खपवली जाते.

दुसरे कारण गरिबांच्या उपयोगाचे. ज्यांना नवा संगणक परवडत नाही त्यांना जुना चालवून द्यावा, हे ऐकायला चांगले वाटते. परंतु ३२ एमबी मेमरीच्या यंत्रावर कर्नल चालला तरी आजचा ब्राउझर चालत नाही. ज्याला अर्ज भरायचा आहे किंवा अभ्यास करायचा आहे, त्याच्या हाती लॉगिनचा प्रॉम्प्ट देऊन आपण फक्त आपल्या छंदाला परोपकाराचा अंगरखा घालतो.

मग उरते काय? मुक्त सॉफ्टवेअरच्या गोटात एक तिसरा दावा केला जातो आणि तो मी अधिक गांभीर्याने घेतो: वेगवेगळ्या यंत्रांवर चालवलेल्या कोडमधले लपलेले दोष उघड होतात. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त सिस्टीमचे लोक हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. याचा अनुभव मला माझ्याच एका क्षुल्लक प्रोग्रॅमने दिला. जुन्या फाइलींमधल्या नोंदी वाचण्यासाठी मी तो लिहिला होता. फाइलीचा तुकडा मेमरीत घ्यायचा, सातव्या बाइटपासून चार बाइटांचा आकडा उचलायचा आणि तितकी लांबी पुढे वाचायची, एवढेच त्याचे काम. रोजच्या संगणकावर तो अनेक वर्षे निमूट चालला. स्पार्क प्रोसेसरच्या जुन्या वर्कस्टेशनवर मात्र पहिल्याच फाइलीला ‘बस एरर’ देऊन मरून पडला, कारण चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून चार बाइटांचा आकडा एकदम उचलायला तो प्रोसेसर साफ नकार देतो. ते दुरुस्त केले तर आकडेच अफाट येऊ लागले. बाइटांचा क्रम उलटा होता. तोही सुधारताना लक्षात आले की लांबी फाइलीच्या उरलेल्या भागापेक्षा मोठी निघाली तर काय करायचे, हे मी कुठेच लिहिलेले नाही. हा तिसरा दोष जुन्या यंत्राचा नव्हता. तो सगळीकडे होता आणि हवी तशी फाइल बनवून कुणीही त्याचा गैरफायदा घेऊ शकला असता. रोजच्या यंत्राच्या सोशिकपणामुळे मला तिथे पुन्हा बघायची वेळच आली नव्हती.

पण हा दावाही ताणू नये. व्हॅक्सवर सापडलेला प्रत्येक दोष जगाच्या कामाचा नसतो. अपूर्णांक मांडण्याची व्हॅक्सची ‘फ्लोटिंग पॉइंट’ पद्धत आज सगळीकडे चालणाऱ्या आयईईई ७५४ या मानकाच्या आधीची आहे. तीत ‘अनंत’ नाही आणि ‘अंक नव्हे’ ही खूणही नाही, त्यामुळे आज सर्रास लिहिले जाणारे कितीतरी प्रोग्रॅम तिथे कंपाइलच होत नाहीत. त्यांना व्हॅक्ससाठी वळवून कुणाच्या कोडचा दर्जा सुधारत नाही, केवळ व्हॅक्सची सोय होते. शिवाय उलट्या बाइट-क्रमाची चाचणी क्यूईएमयूसारख्या एम्युलेटरवरही, म्हणजे दुसऱ्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमवरही, घेता येते. खऱ्या यंत्रावर जे दिसते ते सगळे एम्युलेटरवर दिसत नाही, कारण एम्युलेटर लिहिणाऱ्यानेही तीच कागदपत्रे वाचलेली असतात आणि कागदपत्रांत नसलेला चिपचा विक्षिप्तपणा त्याच्याकडे उतरत नाही. तरी चाचणीचे तीनचतुर्थांश काम एम्युलेटर भागवतो, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. २०२४ मध्ये एका हौशी तंत्रज्ञाने इंटेलच्या १९७१ सालच्या ४००४ या चार बिटी चिपवर लिनक्स सुरू करून दाखवला. चिप मिप्स प्रोसेसरचे सोंग घेत होती आणि सिस्टीम सुरू व्हायला जवळपास पाच दिवस लागत होते. कौतुक करावे तितके थोडे, पण तो पोर्ट नव्हे.

माझ्या दृष्टीने पोर्ट करण्याचे समर्थन याहून साधे आणि मूलभूत आहे. यंत्र केव्हा मेले हे कोण ठरवणार, हा तो प्रश्न आहे. उत्पादक ते ठरवू शकतो, कारण सपोर्ट थांबवणे त्याच्या हातात असते. बाजार ठरवू शकतो. मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममुळे या निर्णयात यंत्र बाळगणाऱ्याचे मत प्रथमच वजनदार झाले. सोर्स कोड हाती असेल, यंत्राची माहिती छापलेली असेल आणि कष्ट करायची तयारी असेल, तर परवानगी कुणाकडेही मागावी लागत नाही. हा हक्क आहे. त्याचा उपयोग किती जण करतात यावर त्याची किंमत ठरत नाही.

मात्र हक्काचा अर्थ इतरांवर चढलेले कर्ज असा होत नाही, आणि जुन्या यंत्रांचे काही कैवारी नेमके हेच विसरतात. कर्नल सतत हलत असतो. मेमरी व्यवस्थापनाची एक अंतर्गत पद्धत बदलली की ती प्रत्येक प्रोसेसर घराण्याच्या कोडमध्ये बदलावी लागते, आणि ज्या घराण्याचे यंत्र कुणाकडेच नाही तिथला बदल अंदाजाने केला जातो. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१७ या आवृत्तीतून ब्लॅकफिन, टाइल, एम३२आर यांच्यासह आठ घराणी एकदम काढली गेली आणि जवळपास पाच लाख ओळी कमी झाल्या. कुणी हळहळले नाही, कारण तिथे राहतच कुणी नव्हते. इटॅनियमची गोष्ट जरा वेगळी. २००१ मध्ये गाजावाजात आलेल्या या प्रोसेसरचा माल पाठवणे इंटेलने २०२१ मध्ये थांबवले आणि जानेवारी २०२४च्या ६.७ आवृत्तीत लिनक्सनेही त्याला निरोप दिला. तेव्हा काही हौशी मंडळी पुढे आली. पण त्याआधी अनेक महिने तो पोर्ट सांभाळायला माणूस नव्हता. ‘काढू नका’ म्हणणारे पुष्कळ असतात, ‘मी सांभाळतो’ म्हणणारा एकही नसतो. अशा वेळी मुख्य शाखेने थांबावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार मला तरी दिसत नाही. इटॅनियमचे चाहते आता आपले बदल मुख्य कर्नलबाहेर सांभाळतात. मुक्त सॉफ्टवेअरने त्यांना दिलेले वचन एवढेच होते आणि ते पाळले गेले आहे.

याच्या उलट जे घडायला हवे त्याचा नमुना मोटोरोलाच्या ६८००० घराण्याने घालून दिला. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या सिस्टीमने १९९८ मध्ये इंटेलबाहेरचे पहिले घराणे म्हणून याच्यासाठी अधिकृत आवृत्ती काढली होती, आणि २००७ मध्ये ते अधिकृत यादीतून गळले. पुढे खरे संकट आले ते कंपायलरच्या बाजूने, आणि संकट तिथूनच येते हे या क्षेत्रातले लोक जाणतात. कर्नल जुना ठेवून भागते, पण कंपायलरने हात वर केले की नवा कोडच त्या यंत्रासाठी परका होतो. नॅशनल सेमिकंडक्टरच्या ३२००० घराण्यावर चालणारा नेटबीएसडीचा पोर्ट असाच संपला. जीसीसी कंपायलरमध्ये तुलनेचा निकाल नोंदवण्याची ‘सीसी-झिरो’ नावाची फार जुनी अंतर्गत पद्धत होती. ती मोडीत काढायचे ठरले आणि जी घराणी तिच्यावर विसंबून आहेत त्यांना नव्या पद्धतीवर या किंवा बाहेर पडा अशी मुदत मिळाली. ६८०००च्या लोकांनी याचिका काढली नाही. त्यांनी वर्गणी काढली, आणि ज्याला जीसीसीचे पोट ठाऊक आहे अशा कसलेल्या माणसाने ते काम २०१९च्या अखेरीस पुरे केले. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १०मध्ये हे घराणे नव्या पद्धतीवर उभे होते. पाठोपाठ व्हॅक्सचेही असेच काम झाले. १९७९ सालच्या चिपच्या वारसांनी स्वतःच्या खिशातून आपला मुक्काम वाढवून घेतला आणि इतरांना एका जुन्या पद्धतीच्या ओझ्यातून मोकळेही केले.

आज हाच प्रश्न रस्ट भाषेच्या रूपाने उभा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथन भाषेच्या ‘क्रिप्टोग्राफी’ या लायब्ररीचा (इतर प्रोग्रॅमांना वापरता येणाऱ्या तयार कोडचा) काही भाग रस्टमध्ये गेला आणि ज्या यंत्रांसाठी रस्टचा कंपायलर नाही तिथे ती एका रात्रीत बंद पडली. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस डेबियनच्या ‘एपीटी’ या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाजूने जाहीर झाले की मे २०२६पासून किंवा त्यानंतर त्याला रस्ट लागेल, आणि ज्या पोर्टांकडे रस्ट नाही त्यांनी ते मिळवावे किंवा आवरते घ्यावे. या पोर्टांत अल्फा, एचपी-पीए, एसएच-४ आणि आपले ६८००० ही घराणी आहेत. दोन्ही वेळी प्रचंड ओरड झाली. मला यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. मेमरीच्या गलथानपणातून येणारे सुरक्षेचे दोष टाळण्यासाठी कोट्यवधी यंत्रांवरचा कोड अधिक भक्कम भाषेत लिहायचा की नाही, याचा निर्णय मूठभर अल्फांच्या हाती असू नये. नकाराधिकार जुन्या यंत्रांना नको. पण २०२१चा बदल ज्या तऱ्हेने अंगावर आला आणि २०२५चा जसा सहा महिन्यांची सूचना देऊन जाहीर झाला, त्यांत फरक आहे, आणि तो केवळ शिष्टाचाराचा नाही. मुदत मिळाली तर वर्गणी काढता येते. मुदतीविना केलेली सुधारणा आणि जप्ती यांत भोगणाऱ्याला फरक जाणवत नाही. सहा महिने कंपायलर लिहायला पुरेसे आहेत का? मुळीच नाहीत. रस्ट ज्याच्यावर उभी आहे त्या एलएलव्हीएम कंपायलरमध्ये ६८०००साठीचा पाया २०२१ मध्येच घातला गेला, म्हणून त्यांना निदान धावायला वाट आहे. अल्फाला तीही नाही. अशा बदलाला दोन वर्षांची सूचना असावी असे माझे मत आहे. दोन वर्षांनीही कुणी उभे राहिले नाही तर खुशाल दार लावावे.

जाता जाता एका जुन्या भांडणाविषयी. ओपनबीएसडीचा आग्रह असा की ज्या यंत्रासाठी सिस्टीम आहे, ती त्याच यंत्रावर बांधली गेली पाहिजे. जे यंत्र स्वतःची सिस्टीम स्वतः कंपाइल करू शकत नाही त्याचा पोर्ट जिवंत म्हणता येत नाही. २०१६च्या ५.९ आवृत्तीनंतर त्यांनी व्हॅक्स सोडला. नेटबीएसडीने वाट वेगळी धरली: कोणत्याही वेगवान यंत्रावर एका आज्ञेत कंपायलरसकट संपूर्ण सिस्टीम बांधता येते आणि ती जुन्या यंत्राकडे पाठवली जाते. तत्त्व म्हणून मला ओपनबीएसडीची बाजू पटते, आणि व्यवहारात मी रोज नेटबीएसडीची पद्धत वापरतो.

ज्या वर्कस्टेशनवर माझा प्रोग्रॅम मेला त्याच्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण माझा शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा त्याच्यापासून निघतो. १९९०च्या दशकाच्या मध्यातले हे यंत्र म्हणजे एक चपटा, जड डबा. माझ्याकडे आले तेव्हा चालू करताच त्याने आपला नेटवर्कचा पत्ता सगळे ‘एफ’ असा दाखवला आणि आपली ओळखच अवैध असल्याची तक्रार केली. या यंत्रांत घड्याळाची चिप आणि तिची बॅटरी एकाच काळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात ओतून बंद केलेली असते, आणि यंत्राचा अनुक्रमांक नि नेटवर्कचा पत्ता त्याच चिपमध्ये असतो. बॅटरी संपली की यंत्र आपले नाव विसरते. बारीक कानशीने मी तो ठोकळा एका बाजूने घासत बसलो. दोनेक तासांनी तांब्याची चमक दिसली, आतल्या बॅटरीकडे जाणारी पट्टी कापली आणि बाहेर नाण्याएवढ्या बॅटरीसाठी खोबण डाग देऊन बसवली. मग ‘ओके’ एवढाच शब्द दाखवणाऱ्या प्रॉम्प्टवर फोर्थ भाषेत एकेक बाइट हाताने भरला. शेवटचा बाइट म्हणजे आधीच्या सर्व बाइटांचा ‘एक्सॉर’, म्हणजे बिटाबिटाने काढलेली एक ताळ्याची बेरीज. तो कागदावर काढला, पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा जमला. यंत्र बंद करून चालू केले तेव्हा त्याला नाव होते. शेजारच्या लॅपटॉपवर बांधलेला कर्नल त्याने नेटवर्कवरून मागून घेतला आणि सिरियल केबलवर ९६०० बॉडच्या संथ गतीने ओळी उमटू लागल्या.

यातले मला काहीही आतून माहीत नव्हते. चिपची माहितीपत्रिका प्रसिद्ध आहे, बाइटांची मांडणी लोकांनी लिहून ठेवली आहे आणि यंत्राचा आरंभीचा प्रोग्रॅम त्याच्या मालकाला आत येऊ देतो. आता पाच-सहा वर्षांचा एखादा फोन घ्या. त्याचा प्रोसेसर माझ्या वर्कस्टेशनपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान आहे. त्यावर मूळ उत्पादकाने लिनक्सचाच कर्नल बसवला आहे. तरीही पुष्कळ फोनांवर मी माझा कर्नल चढवू शकत नाही, कारण बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताच कर्नल आणून ठेवणारा प्रोग्रॅम, केवळ उत्पादकाची सही असलेला कोड स्वीकारतो, आणि तो अडथळा पार केला तरी कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स यांची माहिती कुठेच छापलेली नसते. २०१७ मध्ये सुरू झालेला पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प फोनाला दहा वर्षांचे आयुष्य देण्याचे ध्येय ठेवून याच भिंतीवर डोके आपटतो आहे. म्हणजे तीस वर्षांपूर्वीचे यंत्र आजच्या अडगळीतल्या फोनापेक्षा अधिक पोर्ट करण्याजोगे आहे. जुनी यंत्रे काळाने कालबाह्य केली आणि नवी कुलपाने केली, आणि हौशी माणसे पुष्कळ असली तरी कुलपाविरुद्ध त्यांचे कष्ट फुकट जातात.

म्हणून सार्वजनिक धोरणात लढायचे असेल तर ते कर्नलच्या देखभाल करणाऱ्यांशी नव्हे. ३८६ का काढला म्हणून टॉर्वाल्ड्स यांच्यावर रागावण्यात जितकी शक्ती खर्च होते तिचा दहावा हिस्सा जरी एका साध्या मागणीमागे लागला तर अधिक काम होईल: ज्या दिवशी उत्पादक एखाद्या उपकरणाचा सपोर्ट थांबवतो त्या दिवशी त्याने बूटलोडर मोकळा करावा आणि हार्डवेअरची माहितीपत्रिका प्रसिद्ध करावी. युरोपीय संघाने जून २०२५पासून फोनांसाठी लागू केलेल्या नियमांत विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे सिस्टीमचे अपडेट देण्याची अट आहे, ही चांगलीच सुरुवात आहे. पण तीही उत्पादकाची मुदत वाढवते एवढेच. मुदतीनंतर चावी कुणाच्या हाती, याविषयी ती अट काही बोलत नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. चोरीचा फोन मोकळा करणे सोपे होईल, हा पहिला. त्यावर उपाय म्हणजे कुलूप मालकाच्या पासवर्डने उघडावे, कुणाच्याही नव्हे. व्यापारी गुपिते फुटतील, हा दुसरा. पण ज्या चिपची विक्री थांबली तिच्या रजिस्टरांचे पत्ते सांगून कोणते गुपित फुटते, हे मला आजवर कुणी समजावलेले नाही. तिसरा आक्षेप खरा अवघड आहे. मोडेमचा किंवा ग्राफिक्सचा भाग बहुतेकदा दुसऱ्याच कंपनीचा असतो आणि त्याची माहिती प्रसिद्ध करण्याचा अधिकार फोन बनवणाऱ्याकडे नसतो. हे कोडे मागाहून सुटत नाही. ते खरेदीच्या करारातच सुटावे लागेल आणि कायद्याचा रेटा असल्याशिवाय कुठलाही उत्पादक तसा करार करणार नाही. बूटलोडरच्या चावीला मात्र ही सबबही लागू होत नाही. ती उत्पादकाचीच असते.

माझ्या वर्कस्टेशनवर नेटबीएसडी चालते. २०१२च्या ६.० आवृत्तीपासून तिने वेळ मोजण्यासाठी ३२ बिटांऐवजी ६४ बिट घेतले, त्यामुळे १९ जानेवारी २०३८ रोजी जुने काउंटर उलटतील तेव्हा त्याचे काही बिघडणार नाही. घड्याळाच्या त्या चिपमध्ये सालासाठी दोनच अंक आहेत, पण या यंत्रांत ते १९६८पासून मोजले जातात, म्हणजे २०६७ संपेपर्यंत पुरतील. नाण्याएवढी बॅटरी तोवर चार-पाच वेळा बदलावी लागेल. खोबण मी बाहेरच्या बाजूला बसवली आहे.